कौलाआधीची झडती

आमचे मालक बैलगाडीवाले. चिकोडीच्या वाटेवरच्या आमच्या गावातून निपाणीच्या वखारींत तंबाखू पोचवायची, हा त्यांचा धंदा. मोठी लढाई लागायच्या दोन-तीन वर्षं आधी वखारवाल्यांनी लॉऱ्या घेतल्या आणि गाडीला भाडं मिळेना. त्यातच एक बैल म्हातारपणानं गेला. दुसरा भावाच्या शेतावर दिला आणि हे घरात बसले. घरात बसलेला गाडीवान काय चीज असते, ते मला विचारा. चुलीपाशी येऊन सांगायचे, "लाकूड जरा डावीकडनं घाल."

पंधरा दिवसांनी म्हणाले, "वखारीत हमाल पाहिजे म्हणं. जातो."

ह्यांची पाठ तीन वर्षांपासून धरलेली. सकाळी उठायचं म्हणजे आधी कूस, मग हात, मग "आई गं". पण बाहेर कुणाला सांगायचं नाही, असा हुकूम. हमाली धरली तर वर्षात माणूस अंथरूण धरणार, हे मला दिसत होतं. पण बायकोचं ऐकतंय कोण? म्हटलं, "रवळनाथाला कौल लावू या." देवाचं तरी ऐकतील.

कौल म्हणजे गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवतो आणि सवाल घालतो. उजवं पडलं तर देवाचं हो, डावं पडलं तर नाही.

आमचा गुंडू गुरव वयानं वडील आणि तोंडानं तिखट. ह्यांनी हात जोडून विचारलं, "देवा, मी कुठलं काम धरू?"

गुंडूआप्पा फुलं हातातच धरून म्हणाला, "आरं, देव काय दलाल हाय व्हय, काम हुडकून द्याला? त्यो व्हय म्हंतो, न्हायतर न्हाय म्हंतो. आदी सांग, तुला काय येतंय आन काय येत न्हाय. मग सवाल घालतो."

"मला समदं येतंय."

"मग देवळात कशाला आलास? जा की, कलेक्टर हो जा."

हे वरमले. "बैलाचं कळतंय. नुसत्या चालीवरनं सांगतो, कुठला खूर दुखतोय ते. कानडी येतंय."

"आन येत न्हाय काय?"

"लिवाय येत न्हाय."

"आन राग? गेल्या जत्रंत पाटलाच्या मेव्हण्याची गचांडी कुणी धरली हुती?"

"त्यो बैलाला पराणी टोचत हुता, आप्पा!"

"म्हंजे येतोय."

"माणसांचा येतोय. जनावराचा न्हाय."

"खोटं बोलतोस?"

"बोलाय गेलो की कान लाल हुत्यात माझं."

"बरं. आन ताकद?"

"ताकद लई! तंबाखूचं अख्खं बोद पाठीवर टाकून मी एकटा..."

मी मागं पदर धरून गप उभी होते. पण तोंडातून निघून गेलंच, "देवाच्या म्होरं हायसा तुम्ही. पाठीचं सांगा."

त्यांनी वळून माझ्याकडं असं बघितलं की मी मनात माहेरची वाट धरली. पण कान दोन्ही लाल झालेले. गुंडूआप्पानं ते बघितलं आणि आवाज खाली आणला. "काय रं परशराम, पाठीचं काय?"

ह्यांनी हातानं कंबर चाचपली. मग म्हणाले, "गेलीया. वाकलो की उठवत न्हाय."

"मग हमालीचा सवाल मी घालत न्हाय. देवाला लाजवतोस काय?" गुंडूआप्पानं डोकं खाजवलं. "निपाणीच्या कोंडवाड्यावर राखण्या पाहिजे म्हंत हुते. मोकाट जनावरं कोंडायची, धनी आला की सोडायची. जनावरावर माया पाहिजे आन माणसावर खेकसाय यायला पाहिजे. तुझ्याच मापाचं काम हाय."

"तिथं वही लिवाय लागती."

"ही उभी हाय की! दुसरी शिकलीया न्हवं?"

फुलं लावली, कोंडवाड्याचा सवाल घातला. फुलं काही पडेनात. हे दोनदा उभे राहिले, दोनदा बसले, आणि तिसऱ्यांदा मुंडासं बांधून निघालेच.

"आरं, कौल न्हाय आला अजून!"

"ईल की. तवर मी निपाणीला जाऊन येतो."

ते वेशीपर्यंत गेले असतील, तेवढ्यात फूल पडलं. डावं. मी गुंडूआप्पाकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं.

"वारं सुटलंय आज," गुंडूआप्पा म्हणाला, आणि फूल उचलून कोनाड्यात ठेवलं. मी हे मालकांना कधी सांगितलं नाही. आता तुम्हाला सांगतेय.

तिकडं कोंडवाड्याच्या कारकुनानं ह्यांना विचारलं, काय काय जमतं. देवळातली उजळणी ताजीच होती. ह्यांनी पाठीसकट सगळं सांगून टाकलं. कारकून म्हणाला, इथं काही उचलायचं नाही, पण वही कोण लिहिणार?

"बायको. अक्षर कोंबडीच्या पायागत हाय, पण वाचाय येतंय."

मग आम्ही कोंडवाड्याच्या भिंतीला लागून एका खोलीत राहायला आलो. हे जनावरापुढं उभे राहून सांगायचे आणि मी लिहायची. पहिलीच नोंद, "म्हैस एक, डावं शिंग मोडकं, स्वभाव गरीब." कारकून म्हणाला, स्वभाव लिहायचा नसतो. हे म्हणाले, मग धन्याला ओळख कशी पटायची?

धनी आला की आधी त्याला दारातच मराठीत शिव्या, समजलं नाही तर कानडीत. आत मात्र जनावरांना पेंढी सोडून द्यायची, खुराला हळद लावायची. लोक चिडायचे, पण ह्यांच्या पाठीला आराम पडला. चार वर्षांत सकाळी उठताना "आई गं" म्हणायचेही विसरले.

बाबगोंडा नावाच्या शेतकऱ्याची एक तांबडी गाय होती. एकदा आठ दिवस कोंडवाड्यात राहून घरी गेली, आणि मग दर पंधरवड्याला आपल्या पायांनी येऊन दाराशी उभी राहायला लागली. बाबगोंडा धापा टाकत मागून यायचा. "परशराम, कशाला धरतोस रं माझी गाय?"

"म्या कुठं धरली? तूच इचार तिला," म्हणायचे हे, आणि तिच्या मानेखाली खाजवत बसायचे.