पिना मारलेली कादंबरी

आमचे बाबा अंबरनाथच्या एका कंपनीत ऑफिसर होते. वाचनालयाच्या कार्डावर दोन नावं होती, त्यांचं आणि माझं. माझ्या त्या नावावर शेजारच्या कॅम्प चार वस्तीपासून बदलापूरपर्यंतच्या माझ्या सगळ्या मैत्रिणी वाचायच्या, त्यामुळे ते मला रेशनकार्डापेक्षा मोठं.

नववीत मी एक जाडजूड कादंबरी आणली. ओसाड समुद्रकिनारा, कड्यावरचं एकाकी घर, चोरट्या मालाची पिंपं उतरवणारी माणसं आणि दुष्ट मामाच्या तावडीत सापडलेली अनाथ पोरगी. बाबांनी ती आधी स्वतः वाचली. तीन दिवस जेवताना मान वर नाही. मग माझ्या हातात दिली, तर निम्मी पानं स्टेपलरने पिना मारून बंद! मुलींनी वाचण्यासारखं नाही म्हणे.

हजारभर पिना असतील. बरं, चाळीस. आधी मी फटीत डोळा घालून वाचलं. माझा उजवा डोळा तेव्हापासूनच तिरका. मग कंपासच्या टोकाने एकेक पिन उचकटली. आत काय असावं? ती पोरगी कड्यावर कंदील धरून उभी राहते आणि खडकावर आपटणारं जहाज वाचवते. बस. एक साधा मुका नाही. आजही आठवलं की डोकं फिरतं.

पुस्तक परत करायला आम्ही दोघं गेलो. वाचनालयाचे काका पानं उजेडात धरून बघत राहिले. नुसती चाळण. पुस्तक खराब करणाऱ्याचं नाव कमी, असा त्यांचा नियम.

"हे कुणी केलं, साहेब?"

कंपनीची टाचणीसुद्धा कधी घरी न आणणाऱ्या माझ्या बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला हात स्वस्थ ठेवता येत नाहीत."

"पिना तुम्ही मारल्यात, बाबा."

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे. त्यांना सगळं कळलं होतं, पैजेवर सांगते. तरी माझं नाव लाल शाईने खोडलं आणि नवीन काय आलंय ते साहेबांना दाखवायला लागले. आणि साहेबांनी चक्क निवडायला घेतलं! चवीने, पाठीमागचा मजकूर वाचत.

निवडलेलं पुस्तक त्यांनी सवयीने माझ्या हातात दिलं. मी ते टेबलावर ठेवलं आणि चालू लागले. बाबांनी मागून मारलेल्या हाका शिवमंदिरापर्यंत गेल्या असतील. मी वळले नाही.