आत्याने शिजवलेला इथिओपिया

आत्याने अर्धं आयुष्य विमानाची तिकिटं विकण्यात घालवलं. कुठल्या शहरात विमान बदलावं लागतं, कुठे स्वेटर लागतो, सगळं तोंडपाठ. स्वतः मात्र ती विमानात कधी बसली नव्हती. लोक घरबसल्या तिकिटं काढू लागले, ऑफिसला कुलूप लागलं आणि आत्या घरी बसली. त्याच सुमारास भावाने आणि वहिनीने मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं.

"ताई, भूगोल तुम्ही घ्या," वहिनी म्हणाली. "तुम्हाला जग माहीत आहे."

"भाडं माहीत आहे," आत्या म्हणाली, पण तयार झाली.

नकाशा उघडला की थोरलीला झोप यायची आणि धाकट्याला तहान लागायची. खाण्याचा विषय निघाला की मात्र दोघांचे कान टवकारायचे. आत्याने ते हेरलं. दर शुक्रवारी एक देश शिजवायचा, असं ठरलं. अडचण एवढीच, की तिला स्वयंपाक येत नव्हता. तिच्या हातचा चहासुद्धा करपायचा.

जपानच्या दिवशी चॉपस्टिक्सऐवजी तिने विणकामाच्या सुया दिल्या. भाताचा असा गिच्च गोळा झाला होता की धाकट्याने तो अख्खा एका सुईवर उचलला. मेक्सिकोच्या दिवशी मिरच्या करपून घरभर ठसका उठला. कामावरून आलेला भाऊ दारातूनच मागे फिरला आणि मेक्सिको संपेपर्यंत जिन्यात बसून राहिला.

मग इथिओपियाची पाळी आली. तिथे मोठ्या ताटात आंबट, जाळीदार पोळी पसरतात, वर कालवणं वाढतात आणि सगळे मिळून त्याच पोळीचे तुकडे मोडून जेवतात. एकमेकांना घासही भरवतात. घास मोठा तेवढी माया मोठी. आत्याने रात्रभर आंबवलेलं पीठ फळीवरच्या पातेल्याबाहेर आलं आणि खाली ठेवलेल्या भावाच्या बुटांत उतरलं. पोळी मात्र झाली, तीही गोल.

नेमका त्या दिवशी खडूंवरून भांडण होऊन मुलांनी अबोला धरला होता.

"मी हिच्या ताटात जेवणार नाही," धाकटा म्हणाला.

"तिथली मुलं भांडल्यावर काय करतात?" थोरलीने आत्याला विचारलं.

आत्याला ठाऊक नव्हतं. "जेवतात," ती म्हणाली.

इतक्यात बेल वाजली. घरी शिकणाऱ्या मुलांची तपासणी करणाऱ्या बाई न कळवता आल्या होत्या. पिठाने माखलेल्या ओट्याकडे आणि उन्हात वाळत घातलेल्या बुटांकडे पाहत त्यांनी विचारलं, "वर्ग कुठे भरतो?"

आत्याने ताटाकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात धाकट्याने मुठीएवढा घास करून थोरलीच्या तोंडात कोंबला. तिने डोळे वटारून त्याहून मोठा त्याच्या तोंडात भरला. दोघांचेही गाल फुगले.

"हे काय चाललंय?" बाई म्हणाल्या.

"माया," आत्याने सांगितलं.

बाई समोर बसल्या. "इथिओपियाच्या शेजारी कुठले देश?"

धाकट्याने कसाबसा घास गिळला आणि पोळीच्या कडेला बोट लावलं. "हा केनिया. हा सुदान. सोमालिया मी खाल्ला."

"तो माझ्या वाटणीचा होता," थोरली म्हणाली.

"आणि समुद्र कुठल्या बाजूला?"

"कुठल्याच नाही," धाकटा म्हणाला. "इथिओपियाला किनारा लागत नाही."

"मग हे एवढं पाणी कसलं?"

"ते मसुराचं कालवण आहे," थोरली म्हणाली. "आत्याचा अंदाज चुकला."

बाईंनी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि थोरलीने त्यात घास भरला. बराच वेळ तपासणी थांबली. बाई सकाळपासून उपाशीच फिरत होत्या. घास गिळल्यावर त्या म्हणाल्या, "आंबट आहे," आणि स्वतःच दुसरा तुकडा मोडला.

मुलं आता सोमालियावरून तावातावाने भांडत होती. म्हणजे बोलत होती. आत्याला इतकं हलकं वाटलं की आपलंही जेवायचं राहिलंय, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

निघताना बाई म्हणाल्या, "भूगोल चांगला आहे. असाच चालू ठेवा. फक्त स्वयंपाक कुणाकडून तरी शिकून घ्या."

दुसऱ्याच दिवशी वहिनीने आत्याला शेगडीपुढे उभं केलं आणि हातात बटाटा दिला.

"कुठल्या देशाचा करू?" आत्याने विचारलं.

"नुसता उकडा, ताई. देशाचं मागाहून बघू."