खाडीच्या पाण्यात धरलेलं धरणं

चाळीस वर्षं धरलेला गुरुवार मी सोडला तो रागाने सोडला. लग्न होऊन अमेरिकेत आले तेव्हापासून दत्ताचा हा उपास मी कधी चुकवला नव्हता. मुलीच्या बाळंतपणात नाही, यजमान गेले त्या आठवड्यात नाही, रंगांच्या कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून दिवस दिवस उभी राहत होते तेव्हाही नाही. आणि मला स्ट्रोक आला तो नेमका गुरुवारी, देवासमोर निरांजन लावताना. काडी पेटवली आणि डावा हात आपला नसल्यासारखा खाली पडला. हॉस्पिटलमधून शिकागोजवळ शॉमबर्गला घरी आले तेव्हा डावा पाय ओढत चालत होते आणि डाव्या हाताची मूठ वळलेली होती, ती उघडत नव्हती. पुढच्या गुरुवारी सकाळी मी मुलीला पोहे करायला सांगितले आणि देव्हाऱ्याकडे पाठ करून ते खाल्ले.

लोक भेटायला येत होते. आमच्या गुरुवारच्या मंडळातल्या नलिनीताई मनाने फार चांगल्या आहेत, पण माझ्या पलंगाशी बसून त्या हळू आवाजात म्हणाल्या की पारायणात कुठे काही राहून गेलं असेल का ते आठवून बघा. मी त्यांना म्हटलं, राहून गेलं असेल तर त्याच्याकडून, माझ्याकडून नाही. त्या दचकल्या. नंतर कुणी म्हणालं भोग आहेत, कुणी म्हणालं त्याची इच्छा, आता सगळं त्याच्यावर सोडा. हे सोडणं म्हणजे नक्की काय, हे मला कुणी सांगू शकलं नाही. सोडायला माझ्या हातात उरलं होतं तरी काय?

माझी मुलगी मुग्धा तिच्या नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर माझ्याकडेच राहते. आयटीत आहे, दिवसभर कॉल्स. मला घरात एकटीला ठेवून ऑफिसला जाताना तिचा जीव अर्धा होई, हे मला दिसत होतं. तरीही ती जेव्हा असिस्टेड लिव्हिंगची, म्हणजे मदतनीस असलेल्या वृद्धनिवासांची, माहितीपत्रकं घेऊन आली तेव्हा मी ती वाचली नाही. तिच्या कंपनीची नॉर्वेत आठवडाभराची कॉन्फरन्स होती. तेवढे दिवस मी अशा एका निवासात ‘ट्रायल’ म्हणून राहावं, आवडलं तर पुढचं बघू, असा तिचा बेत होता. मी सांगितलं, एक तर मी तुझ्याबरोबर नॉर्वेला येईन, नाहीतर या घरात एकटी राहीन. ती आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. नवव्या दिवशी तिने डॉक्टरांना फोन करून मला विमानप्रवास झेपेल का ते विचारलं.

अशी मी नॉर्वेत बर्गनला पोचले. देवदर्शनाला नाही, नवस फेडायला नाही, हट्टाने. कॉन्फरन्स संपल्यावर मुग्धाने दोन दिवस सुट्टी काढून फ्योर्डच्या काठी एक लाकडी घर भाड्याने घेतलं. फ्योर्ड म्हणजे डोंगरांच्या आत मैलोन् मैल शिरलेली समुद्राची खाडी. घराखाली उतारावर सफरचंदाच्या बागा होत्या आणि त्यांच्या पायथ्याशी एक लहानशी पुळण होती. दोन्ही बाजूंनी खडकांचे हात पुढे आलेले, त्यामुळे वारा नाही, लाट नाही. समोरचा डोंगर सरळ पाण्यात उतरला होता, माथ्यावर जुलैतही बर्फ होता आणि तो सगळा डोंगर पाण्यात उलटा दिसत होता. इतकी शांतता मी फार वर्षांत ऐकली नव्हती. मला ती आवडली नाही. आपल्याला कुणीतरी मुद्दाम उत्तर देत नाहीये, तशी ती वाटली.

दुपारचे चार वाजले होते, म्हणजे शिकागोत सकाळचे नऊ. मुग्धाला ऑफिसचा फोन येणार होता आणि नेटवर्क वर गाडीपाशीच मिळत होतं. तिने मला पुळणीवरच्या बाकावर बसवलं, खांद्यावर शाल टाकली आणि म्हणाली, अर्ध्या तासात येते, इथून हलू नकोस, प्रॉमिस कर. मी प्रॉमिस केलं नाही, नुसती मान हलवली. ती चढ चढून दिसेनाशी झाली आणि मी काठी टेकत उठले.

माझं माहेर नरसोबाच्या वाडीजवळचं. पाठीला सुका भोपळा बांधून मामाने मला कृष्णेत ढकललं तेव्हा मी सहा वर्षांची होते. दहाव्या वर्षी पुरातही मी काठाकाठाने पोहत असे. वाडीला पूर आला की नदी देवळात शिरते आणि दत्ताच्या पादुकांवरून वाहते. तो देव दरवर्षी पाण्याखाली जातो आणि लोक त्याचा सोहळा करतात. त्यामुळे पाण्याचं भय मला कधी वाटलंच नाही. मी चपला काढल्या, काठी वाळूत रोवली आणि पंजाबी ड्रेससकट पाण्यात शिरले. पाणी बर्फासारखं होतं. घोट्याला लागलं, पोटऱ्यांना लागलं. गुडघ्यापर्यंत आल्यावर मी थांबले आणि मोठ्याने बोलायला लागले. ऐकायला कुणी नव्हतं आणि असतं तरी कुणाला मराठी येत होतं?

मी म्हटलं, “चाळीस वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही. आताही मागत नाही, विचारते आहे. माझा हात का घेतलास ते सांग. सांगितल्याशिवाय मी इथून हलणार नाही.”

धरणंच धरलं म्हणा ना. पाय बधिर होत होते, मी तशीच उभी होते. समोरचा डोंगर होता तिथे होता. मग मला इतका राग आला की मी त्या डोंगराच्या दिशेने आणखी एक पाऊल पुढे टाकलं, आणि पायाखाली काहीच नव्हतं.

अशा खाड्यांचा तळ काठापासून चार पावलांवर एकदम तुटतो, हे मला नंतर कळलं. मी डोक्यापर्यंत खाली गेले. थंडीने छाती आवळली, श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि खारट पाणी आत गेलं. उजवा हात सवयीने चालला, डावा बगलेत दगड बांधावा तसा खाली ओढत होता. वर आले, पुन्हा खाली गेले. खरं सांगायचं तर त्या वेळी मला देव आठवला नाही. मुग्धाला आयुष्यभर वाटत राहील की मी हे मुद्दाम केलं, एवढंच मनात आलं, आणि त्याचंच सर्वांत जास्त भय वाटलं.

दुसऱ्यांदा वर आले तेव्हा कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं. अगदी जवळून, पाण्याच्या कडेवरून, न थांबता. मग कुणीतरी पाण्यात उडी घेतल्याचा आवाज आला आणि माझ्या पाठीखाली एक तळवा आला. रुंद, खंबीर, एकच तळवा. पांढऱ्या केसांची एक बाई माझ्या कानाशी पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत होती, रूली, रूली. अर्थ मला कळत नव्हता, पण मी धडपडत होते तोवर तो तळवा निसटत होता आणि मी थांबले की तो पक्का लागत होता, हे कळलं. शेवटी मी थांबले. मान मागे टाकली, पाय सैल सोडले. वळलेल्या मुठीचा तो डावा हातही पाण्यावर आला आणि तरंगायला लागला. सहा महिन्यांत तो पहिल्यांदा मला जड वाटला नाही.

श्वास जागेवर आल्यावर बाईने काठाकडे बोट दाखवलं. मी मान हलवून नाही म्हटलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग हसली आणि पाठीखालचा तळवा हळूच काढून घेतला. मी बुडाले नाही. उजवा हात मारला, पाय मारले. एका हाताने पोहणारं माणूस सरळ जात नाही, गोल फिरतं. मी त्या निळ्या-काळ्या पाण्यात स्वतःभोवती फिरत होते, बाई माझ्याबरोबर पोहत होती आणि कुत्रं काठावर भुंकत होतं. दोन फेऱ्या झाल्यावर मला हसू फुटलं. देवळात जाऊन प्रदक्षिणा घालायची नाही असं ठरवलं होतं, ती अशी घातली गेली. तिसरी फेरी मी हट्टाने पूर्ण केली. मग बाईने माझा दंड धरला आणि आम्ही दोघी वाळूवर आलो.

मुग्धा चढावरून धावत येत होती. तिने मला घट्ट धरलं, मग गदागदा हलवलं, मग रडायला लागली.

“आई, तू मरायला गेली होतीस का?”

“नाही,” मी म्हटलं. “भांडायला गेले होते.”

बाईने तिच्या पिशवीतला टॉवेल माझ्याभोवती गुंडाळला, थर्मासमधली कॉफी पाजली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत मुग्धाला जे सांगितलं ते असं. आईच्या घरावरून भावाशी कडाक्याचं भांडण करून ती वरच्या रस्त्याने घरी चालली होती. या वाटेला ती उतरणार नव्हती. तिचं कुत्रं म्हातारं आहे, पाण्याला घाबरतं, या पुळणीवर ओढूनही येत नाही. आज साखळीला हिसडा देऊन ते खाली धावलं आणि भुंकायला लागलं. त्याला धरायला म्हणून ती आली, तर पाण्यात मी. रूली म्हणजे शांत, हेही तिनेच सांगितलं.

दत्ताच्या पायाशी कुत्री असतात हे मला कुणी सांगायला नको, लहानपणापासून त्या तसबिरीपुढे बसले आहे. पण मी त्याचा अर्थ लावत बसणार नाही. एक म्हातारं कुत्रं आलं, एक चिडलेली बाई आली आणि तिने एका चिडलेल्या बाईला धरलं. झालं ते एवढंच. ते थरथरणारं जनावर माझ्या पायाशी येऊन बसलं तेव्हा मी उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करताना मी मुग्धाला समोर बसवलं. म्हटलं, “मी पडेन, चुकेन, कधी बुडेनही. पण मला कुठे नेऊन ठेवू नकोस.” तिने फोन काढला, त्या असिस्टेड लिव्हिंगवाल्यांना ईमेल लिहून सगळं कॅन्सल केलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली की एकटीने पाण्यात जायचं नाही ही माझी अट आहे. मी मान्य केली. या वेळी प्रॉमिसही केलं. आता आठवड्यातून दोनदा ती मला शॉमबर्गच्या स्विमिंग पूलवर घेऊन जाते, स्वतःही उतरते आणि माझ्या शेजारच्या लेनमधून पोहते.

नलिनीताईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या की मंडळात येऊन अनुभव सांगा, महाराजांनी कसं तारलं ते. मी गेले, पण हेही सांगितलं की मी माफी मागितलेली नाही आणि उपासही पुन्हा धरलेला नाही. काहींना ते आवडलं नाही. त्याच्यावर सोडा असं मला सगळे सांगत होते, तेव्हा मला वाटे की माझी तक्रार सोडायला सांगताहेत, माझा आवाज बंद करायला सांगताहेत. त्या पाण्यात मी सोडला तो फक्त माझा भार. प्रश्न तसाच राहिला आणि तळवाही पाठीखाली राहिला. त्याच्याशी भांडणाऱ्या माणसालाही तो खाली जाऊ देत नाही, एवढं मला कळलं, आणि त्याबद्दल मी त्याची, त्या बाईची आणि त्या मुक्या जनावराची जन्मभर ऋणी आहे.

माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. मूठ अर्धीच उघडते. पण देव्हाऱ्याकडे आता माझी पाठ नसते. रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहते आणि तेच विचारते. दोन्ही हात जोडता येत नाहीत, म्हणून उजवा एकटाच छातीशी नेते. एका हाताचा नमस्कार त्याला चालत असावा. चालत नसेल तर दुसरा त्याने परत द्यावा.