नीवेसचा आरसा

ओलिंदोच्या बोटांची टोकं काळी होती आणि ती कशानेही धुऊन निघत नसत. चांदीच्या पाण्यात आयुष्य घातलेल्या माणसाची बोटं अशीच असतात. मुरानो बेटावर त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण समोर व्हेनिसला गेला की एक पाववाली सुटे पैसे त्याच्या हातात न ठेवता फळीवर ठेवायची. एकदा ती तोंडावर म्हणाली, "हात धुऊन येत जा हो." ओलिंदो म्हणाला, "बाई, तुम्ही सकाळी ज्या आरशात बघता तो याच हातांनी चमकवलाय. त्यात बघूनही तुम्ही घराबाहेर पडता, हे तुमचं धाडस." त्यानंतर पाव दुसरीकडून आणावा लागला, पण त्याचं त्याला दुःख नव्हतं.

काचेला मागून चांदी चढवणं हे त्याचं काम. लोक अजून पारा चढवणं म्हणतात, पण पारा जाऊन जमाना झाला. आता काच आडवी ठेवायची, धुवायची, पुन्हा धुवायची, धुऊन कंटाळा आला की आणखी एकदा धुवायची, आणि मग वरून चांदीचं पाणी ओतायचं. ते आधी कॉफीसारखं तपकिरी होतं, मग जांभळट, आणि बघता बघता त्यात वरचं छत दिसायला लागतं. काचेवर चुकून कुणाचं बोट लागलेलं असलं तर तो ठसा चांदीखाली गाडला जातो आणि काही वर्षांनी डाग होऊन वर येतो. ओलिंदोच्या आरशात असा डाग कधी आला नाही. याचा त्याला माज होता, आणि खरं सांगायचं तर त्याने तो करावा असंच त्याचं काम होतं.

पुढे जुन्याची फॅशन आली. फुलापानांच्या काचेच्या चौकटीतले मुरानोचे आरसे लोकांना हवे होते, पण नवे नको होते. आजोळच्या माडीवरून काढून आणल्यासारखे दिसायला हवे होते. कारखान्याच्या मालकाचं नाव गास्तोने. तो एका सकाळी ओलिंदोच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"ओलिंदो, आता डाग पाडायला शीक."

"डाग पडू नयेत म्हणून पगार देत होतात ना, मालक?"

"आता पडावेत म्हणून देतो. पगार तोच आहे. रडतोस कशाला?"

ओलिंदो शिकला. चांदी चढवायची, आणि मग स्पंजाने तिच्यावर तेजाब टेकवून तिला खायला लावायची. "यांना तोंडं हवीत तरुण आणि आरसे हवेत म्हातारे," असं तो दारूच्या गुत्त्यात म्हणायचा. लोक हसायचे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा स्पंज घेऊन बसायचा. पोटाला लागतं, आणि घरी मुलगी शिकत होती.

त्याची बायको नीवेस त्याच कारखान्यात कोरणारी होती. काचेवरची नक्षी मागच्या बाजूने कोरतात. काच दोन्ही हातांनी पेलून फिरत्या दगडावर टेकवायची, वरून पाण्याची धार, आणि कोरणारीला दिसतं ते सगळं उलटं. गुलाब, फिती, एखादा पक्षी, एवढंच सगळ्यांना पाठ असे. नीवेस होती शेजारच्या सांत एरास्मो बेटावरची, भाजीवाल्यांच्या बेटावरची. तिच्या बापाचा आर्टिचोकचा मळा होता. त्याची मिटलेली बोंडं भाजी म्हणून खातात. तोडायची राहून गेलेली आर्टिचोकची भाजी फुलते तेव्हा तिच्यावर निळंजांभळं काटेरी झुपकेदार फूल येतं. ते तिने लहानपणापासून बघितलेलं. एकदा एका आरशाच्या कोपऱ्यात गुलाबाऐवजी तिने ते फूल कोरलं.

गास्तोने ओरडला, "नीवेस, हा आरसा दिवाणखान्यात लागायचाय, भाजीच्या दुकानात नाही!"

"गुलाब काय, तुमच्या बायकोलासुद्धा कोरता येतील, मालक."

"मग बोलावू तिला?"

नीवेसने ती काच बाजूला ठेवली आणि दुसरीवर मुकाट गुलाब कोरले. पण त्या दिवशी तिच्या डोक्यात काहीतरी बसलं. कारखान्यातून काढून टाकलेल्या काचा तिने मागून घेतल्या आणि शनिवारी दुपारी सगळे गेले की त्यांच्यावर स्वतःसाठी कोरायला लागली. मधली मोठी काच, चौकटीच्या पट्ट्या, वरचा तुरा. एका बाजूने आर्टिचोकची घट्ट मिटलेली बोंडं वर चढत जायची, अर्ध्यात उमलायची आणि तुऱ्यावर पूर्ण फुललेली फुलं. मुरानोत असा आरसा कुणी केलेला नव्हता. हे मी म्हणत नाही, गास्तोनेनेच पुढे गुत्त्यात कबूल केलं, अर्थात तिच्यासमोर नाही.

तो आरसा त्यांच्या मुलीसाठी होता, मिलेनासाठी, तिच्या लग्नात द्यायला. कोरून झालं तेव्हा ओलिंदो म्हणाला, "खाली नाव कोर."

कोरणारीचं नाव आरशावर येत नाही. आरसा कारखान्याचा असतो. पण हा कारखान्याचा नव्हता.

"नाव कशाला?" नीवेस म्हणाली. "मिलेनाच्या घरात लागेल. कुणी विचारलं तर ती सांगेल, माझ्या आईने केलाय म्हणून. तेवढं मला पुष्कळ झालं."

"आणि चांदी कुणी चढवली ते?"

"सांगेल हो तुझंही! एवढा काय हपापलायस?"

चांदी चढवायचं राहून गेलं. नीवेसच्या फुप्फुसात गाठ निघाली आणि हिवाळा संपायच्या आत ती गेली. मुरानो आणि व्हेनिसच्या मध्ये दफनभूमीचं बेट आहे, तिथे तिला ठेवलं. काचा घोंगडीत गुंडाळून कपाटामागे उभ्या राहिल्या. ओलिंदो त्या कधीमधी उघडून बघायचा. कोरण्याआधी तिने पिवळ्या रंगाने ओढलेल्या रेघा अजून तशाच होत्या. कडेला, जिथे ती काच धरायची, तिथे तिच्या बोटांचे ठसे होते, स्पष्ट, आज सकाळी धरल्यासारखे. तो पुन्हा घोंगडी गुंडाळून ठेवायचा.

मिलेना व्हेनिसमधल्या एका हॉटेलात काम करत होती. तिने एका रविवारी जेवताना सांगून टाकलं, की इवानोशी लग्न ठरलंय. इवानो मुलगा बरा होता. त्याला आजीचं घर मिळालं होतं, कालव्यावरचं, तीन खोल्या आणि दिवाणखाना. ओलिंदोने ताटातली सार्डिन मासळी तशीच ठेवली, आत गेला आणि कपाटामागून घोंगडी ओढली.

त्या काचा धुणं त्याला फार जड गेलं. चांदी चढवायची तर काचेवर काहीही राहता कामा नये, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. एक ठसा ठेवावा, चौकटीखाली झाकला जाईल असा, हे मनात आलं. पण तो डाग होऊन वर आला असता आणि नीवेसच्या आरशाला डाग लागला असता. त्याने खडूची पूड घेतली, फडकं घेतलं आणि सगळं पुसून काढलं. पुसताना तो रडला, आणि काचेवर पाणी पडू नये म्हणून मान वळवून रडला. मग त्याने चांदी ओतली.

अशी चांदी त्याने जन्मात चढवली नव्हती. फुलं काचेतून बाहेर आल्यासारखी दिसत होती. पट्ट्या लाकडी फळीवर बसवल्या, पितळी खिळ्यांनी तुरा पक्का केला आणि मित्राच्या होडीतून तो आरसा उभा धरून तो व्हेनिसला इवानोच्या घरी घेऊन गेला. वाटेत एका बोटीतल्या पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. एरवी त्याने त्यांना शिवी हासडली असती. त्या दिवशी टोपी काढून दाखवली.

मिलेनाने आरसा बघितला. एकदा जवळून, एकदा दारातून. ती इवानोकडे बघू लागली आणि इवानो जमिनीकडे.

"सुंदर आहे, पपा."

"पण?"

"पण कुठे म्हटलं मी?"

"तुझ्या आईची सवय उचललीयस. ती पण अशीच ओठ दाबायची. बोल."

"नवा दिसतो रे फार," मिलेना म्हणाली. "आम्ही इथे खोल्या भाड्याने देणार आहोत, पाहुण्यांना. हॉटेल सोडतेय मी. सगळं घर जुन्या वळणाचं ठेवायचंय. जुने पलंग, जुनी कपाटं. त्यात हा असा... दवाखान्यातल्यासारखा लख्ख. तू डाग पाडतोस ना कारखान्यात? तसे थोडे पाड की."

ओलिंदोला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो म्हणाला, "हा तुझ्या आईने केलाय."

"माहितीये पपा. म्हणून तर दिवाणखान्यात लावतेय, सगळ्यांना दिसेल असा."

"डाग पाडले की चांदी जाते. चांदी गेली की फुलं आंधळी होतात."

"फुलांवर कमी पाड मग. पण अगदीच सोडू नकोस, नाहीतर खोटं वाटतं."

तो आरसा परत घेऊन आला. मुरानोत ज्याने त्याने विचारलं, मुलीला आवडला का, आणि तो "आवडला, आवडला" म्हणत घरापर्यंत गेला. लोकांना आरसा परत जाताना दिसत होता. मुरानोतल्या लोकांना सगळं दिसतं, फक्त विचारायची हौस जास्त.

मिलेना मग रविवारची येईनाशी झाली. फोन केला की कामात असायची. लग्नात ती त्याच्याशी नीट बोलली, पाहुण्यांशी बोलावं तसं. ओलिंदो घरी आला आणि भिंतीशी उभ्या आरशासमोर बसला. हट्टाने ठेवला तर आरसा असाच लख्ख राहणार, आणि ओलिंदो गेल्यावर बंद घरात पडून राहणार. नीवेसला आरसा मुलीच्या घरात हवा होता. कुणीतरी विचारावं आणि मुलीने सांगावं, एवढंच तिला हवं होतं. डाग पडले म्हणून काय, सांगायला मुलगी तर असेल. अशी स्वतःची समजूत घालून त्याने पितळी खिळे उपटायला घेतले.

कारखान्यात तो डाग पाडायचा ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकल्यासारखे. हे काम त्याने हळूहळू केलं. चांदी टिकावी म्हणून मागून दिलेला रंग खरवडला. खालच्या कडेने सुरुवात केली, कारण खारी हवा आधी खालूनच चढते. मग कोपरे. तेजाब चांदीला लागलं की ती काळवंडायची आणि आक्रसायची. बोंडं गेली. अर्धी उमललेली फुलं मळकट झाली. तुऱ्यापाशी तो बराच वेळ स्पंज हातात धरून थांबला. मिलेनाचं "खोटं वाटतं" आठवलं, आणि त्याने तिथेही टेकवला. काम इतकं बेमालूम झालं की गास्तोने बघून म्हणाला, "अरे, हे आजवर मला का नाही करून दिलंस?" ओलिंदो त्याच्या अंगावर धावून गेला. दोघांना लोकांनी सोडवलं.

मिलेनाने मात्र आरसा बघून त्याला मिठी मारली. खरीखुरी, गळ्यात पडून. "पपा, तुझ्यासारखं कुणाला जमणार नाही! आई असती तर..." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं, एवढं ओलिंदोला कळत होतं. इवानोने वाइन ओतली. आरसा दिवाणखान्यात लागला. रविवार पुन्हा सुरू झाले, आता तो त्यांच्याकडे जायचा.

एका रविवारी तो जेवून बसला होता तेव्हा पाहुणे आले. फ्रान्सहून आलेलं एक वयस्क जोडपं, सामान अजून दारातच. बाई थेट आरशापाशी गेल्या आणि तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. नुसत्या बघत राहिल्या. ओलिंदो खुर्चीवरून उठला. आजवर तो आरसा असा कुणी बघितला नव्हता, निदान त्याच्यासमोर तरी.

बाईंनी मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये विचारलं, "किती देखणा! कुणाच्या हातचा?"

ओलिंदोने मिलेनाकडे बघितलं. नीवेसला कुणीतरी विचारायला हवा होता तो प्रश्न हाच होता, आणि उत्तर द्यायला मुलगी समोर उभी होती.

"खूप जुना आहे," मिलेना हसत म्हणाली. "अडीचशे वर्षांपूर्वीचा. इवानोच्या घरातलाच. कुणी केला ते आता कुणाला माहीत! त्या काळी नावं घालत नसत."

बाईंनी मान डोलावली. त्यांच्या नवऱ्याची नजर ओलिंदोच्या हातांवर गेली, काळ्या बोटांवर. "तुम्ही याच कामातले दिसता," ते म्हणाले. "तुम्हाला काय वाटतं?"

मिलेनाचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. लहानपणी बाहुली मोडली की ती अशी बघायची, आईला सांगू नकोस म्हणून. इवानो सामान उचलायचं सोडून थांबला होता.

"जुनाच आहे," ओलिंदो म्हणाला. "चांदी बघा ना, कशी गेलीय. आणि कोरणारी बाई..." त्याने बोटं मुठीत मिटली. "कोरणारं कुणी का असेना. मला नाही माहीत."

पाहुणे आपल्या खोलीत गेले. मिलेना त्याच्याजवळ आली आणि त्याचा दंड दाबत हळूच म्हणाली, "छान सांगितलंस, पपा. एकदम खरं वाटलं."