जमिनीखालची मालकीण

इंदूताई कुणाच्याही घरी गेल्या की आधी दारातच थांबायच्या आणि हवा हुंगायच्या. बूट काढण्याआधी, कोट काढण्याआधी, "या, या" म्हणणाऱ्या यजमानाकडे बघण्याच्याही आधी. मान किंचित वर, डोळे अर्धवट मिटलेले. विनिपेगमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत पोरं त्यांची नक्कल करायची. मी त्यांचं बेसमेंट भाड्यानं घ्यायला गेले तेव्हा तर त्या स्वतःच्याच घराच्या दारात उभ्या राहून हुंगत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुले काही वास येऊन रायला का वं?"

मला फोडणीचा वास येत होता. तसं सांगितलं.

"हिंगाचा?"

"हिंगाचा."

"मंग ये."

इंदूताई मूळच्या आर्वीच्या. तरुणपणी नर्स म्हणून कॅनडात आल्या आणि पीटर कोवाल नावाच्या इथल्याच एका शेतकऱ्याच्या मुलाशी त्यांनी लग्न केलं. नवऱ्याला मराठीचा गंध नव्हता. त्यामुळे त्यांची वऱ्हाडी कुणाशी घासली गेली नाही; आर्वीहून निघताना होती तशीच राहिली. मी पुण्याची. पहिले काही दिवस मला त्यांचं अर्धं बोलणं अंदाजानंच समजून घ्यावं लागे.

त्या भित्र्या होत्या. दुसरा शब्द नाही. हिवाळ्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायचं असलं तरी गाडीत ब्लँकेट, मेणबत्ती, काडेपेटी आणि बिस्किटं असत. लिफ्टमध्ये चौथा माणूस शिरला की त्या बाहेर पडत. घर तापवणाऱ्या फर्नेसचा आवाज जरा बदलला की जिन्यावरून हाक येई, "पोरी, वर ये!" मी एकदा हसले, तर म्हणाल्या, "हास तू. जे भेत नव्हते त्याईले आम्ही इमर्जन्सीत टाके घालत होतो."

पण या भीतीला एक मूळ होतं, आणि ते मला एका हिमवादळाच्या दुपारी कळलं. ऑफिस बंद होतं, आम्ही दोघी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसलो होतो. मी सहज विचारलं, "ताई, तुम्ही एवढं हुंगता कशासाठी?"

त्यांनी हातातली काडी मोडली. मग सांगू लागल्या. पीटरचा धाकटा भाऊ स्टीव्ह गावाकडे शेती सांभाळायचा आणि जोडीला तेलाच्या विहिरींवर देखरेखीचं काम करायचा. एका रविवारी पीटर आणि इंदूताई त्याला भेटायला गेले होते. "मी जरा तेलाची टाकी पाहून येतो," म्हणून स्टीव्ह निघाला, तर हे दोघंही त्याच्या ट्रकमध्ये बसून गेले. स्टीव्हनं टाकीवर चढून झाकण उघडलं आणि तो तिथूनच खाली कोसळला.

"पीटर धावला. मी त्याचा कोट दोन्ही हातानं धरला मागून. तो ओरडून रायला होता, सोड मले, सोड. माह्या हातावर मारत होता. मी नाई सोडला."

विहिरीतून तेलाबरोबर कधीकधी एक विषारी गॅस येतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो. पण तो वाढला की आधी नाक मारतो. वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं, धोका टळला. इंदूताईंनी त्याआधीच हॉस्पिटलात याच गॅसनं गेलेली जोडी पाहिली होती: एक आधी पडलेला, दुसरा त्याला उचलायला गेलेला.

"वास येते तंवर बरं," त्या म्हणाल्या. "वास बंद झाला का पय, मागं पाहू नको. पीटरनं मले त्याच्यासाठी कधी माफ केलं का, मले मालूम नाई. पन तो म्हातारा होऊन मेला."

तेवढं बोलून त्यांनी निवडलेली कोथिंबीर धुवायला घेतली. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. पण तो विषय त्यांना शोधत आला.

स्टीव्ह गेल्यावर सासऱ्यांनी शेत विकलं होतं. विकलं ते फक्त वरचं. इकडे जमिनीला दोन मालक असू शकतात: मातीचा एक आणि तिच्या पोटातल्या तेलाचा दुसरा. सासऱ्यांनी पोटातला हक्क स्वतःकडे ठेवला. तो पीटरकडे आला आणि पीटरमागून इंदूताईंकडे. इतकी वर्षं त्याला कुणी विचारलं नव्हतं. मग त्या भागात खोल जाऊन आडव्या वळणाऱ्या विहिरी खणायचं नवं तंत्र आलं आणि एका सकाळी ग्रेग दारात उभा राहिला.

ग्रेग लँडमन होता, म्हणजे तेलकंपन्यांसाठी घरोघर फिरून लीजवर सह्या घेणारा. चाळिशीचा, उंच, हसरा. इंदूताईंनी मला ऑफिसला दांडी मारायला लावून शेजारी बसवलं होतं.

"मिसेस कोवाल, अगदी साधी गोष्ट आहे," तो म्हणाला. "सही करताच एकरकमी पैसे. तेल लागलं तर आठवा हिस्सा तुमचा. तुमचे शेजारी याच दरानं सह्या करून मोकळे झालेत."

"विहीर कुठं काढणार?" इंदूताईंनी इंग्रजीत विचारलं. आवाज इतका बारीक की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

"ते इंजिनिअर ठरवतील. बहुतेक शेतातल्या घराच्या पूर्वेला. तिथं जागा सपाट आहे."

"त्या घरात कोण राहतं?"

"कुणीतरी राहतं," तो म्हणाला. "पण तुम्ही लीज दिली की त्यांना नाही म्हणता येत नाही. त्यांना भरपाई मिळते. तुम्ही त्याची काळजी करू नका." उठताना तो पुढे म्हणाला, "तुम्ही सही केली नाही तरी आम्ही शेजारून खणणारच आहोत. मग तुमच्या वाट्याला काही उरेल असं नाही. शुक्रवारपर्यंत विचार करा."

तो गेल्यावर इंदूताईंनी दाराला दोन्ही कड्या लावल्या. त्या आठवड्यात त्याचा फोन रोज येई. कधी समोरच्या फुटपाथला त्याचा पांढरा ट्रक उभा दिसे, इंजिन चालू, काचा धुकटलेल्या. इंदूताई पडद्याच्या फटीतून बघत राहायच्या. "अहो, तो सँडविच खातोय," मी म्हणायचे. पण खरं सांगायचं तर मलाही त्या ट्रकची भीती वाटायला लागली होती. ऑफिसातून येताना तो दिसला की मी मागच्या गल्लीनं घरात शिरे.

शुक्रवारी त्यांनी फोन उचलून सांगितलं, "आज नाही." आणि शनिवारी मला म्हणाल्या, "गाडी काढ. मले ते घर पाहाचं हाय."

पश्चिमेला तीनएक तास. बर्फ वितळून शेतं काळी पडली होती आणि मधूनमधून तेल उपसणारे पंप माना वरखाली करत होते. प्रत्येक पंप दिसला की इंदूताई खिडकीची काच घट्ट आहे ना ते बघत. घर आलं तशा त्या थिजल्या. उतरेनात. शेवटी आतूनच एक तरुण बाई बाहेर आली, कडेवर मूल, मागे एक छोटी मुलगी. तिचं नाव मेगन.

इंदूताईंनी काच इंचभर खाली केली आणि नाव सांगितलं.

मेगनचा चेहरा उतरला. "तुम्हीच का त्या?" ती म्हणाली. "आमच्या खालच्या मालकीणबाई. आम्ही घर घेतल्यापासून मला तुमच्या नावाची भीती वाटते. कुठलाही ट्रक या रस्त्याला वळला की वाटतं, झालं, तुम्ही सही केली."

मी इंदूताईंकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या सगळ्याला भीत आल्या, त्यांना कुणीतरी भीत होतं. त्यांना ते सोसवेना. त्या घाईघाईनं दार उघडून उतरल्या, चिखलात बूट रुतला तरी थांबल्या नाहीत, आणि मेगनचा हात धरून म्हणाल्या, "मला आत ने. पूर्वेची खिडकी कुठल्या खोलीत आहे ते दाखव."

ती मुलांची खोली होती.

स्वयंपाकघरात चहा झाला. शेजाऱ्यांना काय मिळालं ते मेगनला ठाऊक होतं. ज्यांनी लगेच सह्या केल्या त्यांना आठवा हिस्सा. जे थांबले त्यांना पाचव्याच्या आसपास. एकानं तर तेल साफ करण्याचा, वाहून नेण्याचा खर्च आपल्या हिश्शातून कापायचा नाही असंही लिहून घेतलं होतं. ज्या वकीलबाईंनी ते लिहून दिलं, त्यांचं ऑफिस जवळच्याच गावात होतं. सोमवारी इंदूताई त्यांच्याशी फोनवर बोलल्या, आणि ग्रेगला स्वतःहून बोलावणं धाडलं.

तो आला तेव्हा त्यांनी चहाचा कप धरला नाही. दोन्ही हात मांडीवर दाबून ठेवले होते. "पाचवा हिस्सा," त्या म्हणाल्या. "खर्च कापायचा नाही. ठरल्या मुदतीत खणलं नाही तर लीज संपली. आणि विहिरीचं तोंड त्या शेतात नको. शेजारच्या रिकाम्या जमिनीतून आडवं खणा."

ग्रेग हसला. "पहिल्या तीन गोष्टींवर बोलता येईल. चौथी कंपनीला महाग पडते. तिच्याऐवजी सुरुवातीची रक्कम दुप्पट करून देतो."

"नको."

"तुम्ही लोभी आहात असं मला वाटलं नव्हतं, मिसेस कोवाल."

"मी लोभी नाही, भित्री आहे," त्या म्हणाल्या. "लोभी माणसाला तू पैसे देऊन गप्प करशील. मला काय देशील?"

ग्रेगनं पेन खिशात ठेवलं. त्यानं फाईल मिटली आणि तो गेला.

मग काहीच झालं नाही. फोन नाही, ट्रक नाही. ही शांतता इंदूताईंना ट्रकपेक्षा वाईट गेली. त्या जेवेनात. "मी पीटरच्या बापाचं बुडवलं वं," म्हणायच्या. "आता ते बाजूनं सारं ओढून नेतीन." मग थोड्या वेळानं: "अन् त्याईनं दुसरा कायदा काढून तथंच विहीर काढली तं?" मी समजूत घालायचे आणि माझी समजूत मलाच पटायची नाही. मेगनचा दोनदा फोन आला. दोघी एकमेकींना धीर देण्याऐवजी आपापली भीती सांगायच्या, आणि फोन ठेवल्यावर इंदूताई थोडं वरणभात खायच्या.

उन्हाळा अर्धा सरल्यावर ग्रेग परत आला. शेजारी आणखी विहिरी खणायच्या ठरल्यामुळे कंपनीला आता तिकडचीच जागा सोयीची पडत होती. विहिरीचं तोंड तिकडे न्यायला ते तयार होते. हिस्सा पाचव्याहून किंचित कमी, बाकी सगळं कबूल. इंदूताईंनी वकीलबाईंना फोन लावला, त्यांच्याकडून एकेक वाक्य समजून घेतलं आणि मान हलवली. निघताना ग्रेग म्हणाला, "माझ्या आईनं पहिल्याच दिवशी सही केली असती."

"तिला माझा नंबर दे," इंदूताई म्हणाल्या.

सही वकीलबाईंच्या ऑफिसात झाली. पेन हातात धरवेना. वकीलबाई म्हणाल्या, "घाई नाही. थोडं शांत व्हा, मग करा." इंदूताई माझ्याकडे बघून वऱ्हाडीत म्हणाल्या, "हिले काय मालूम, मी शांत झाली का मले झोप लागते." आणि वेड्यावाकड्या अक्षरांत सही करून टाकली. त्याच खुर्चीत बसून त्यांनी मृत्युपत्राचा विषय काढला. त्यांना मूल नव्हतं. खालचा हक्क त्यांनी मेगनच्या नावे केला. परतताना मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "जो वर झोपते त्यालेच खालचं मालूम पाहिजे. मी तथं कुठं झोपतो?"

पुढच्या वर्षी तेल निघू लागलं. मेगनच्या मुलांच्या खिडकीतून पूर्वेला गव्हाशिवाय काही दिसत नव्हतं. पहिले पैसे आले तेव्हा इंदूताईंनी स्वतःसाठी एक नवी फर्नेस बसवून घेतली. दुसरं काही घेतल्याचं मला आठवत नाही.

गेल्या वसंतात त्यांचं हृदय थकलं. हॉस्पिटलात मी दुपारी जाऊन बसायचे. एका दुपारी मशीनचा आवाज बदलला आणि त्या उठून बसायला लागल्या. एक तरुण नर्स धावत आली, आवाज बंद केला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गोड आवाजात इंग्रजीत म्हणाली, "घाबरण्यासारखं काही नाहीये हं, आजी."

इंदूताईंनी माझ्याकडे पाहिलं. "हिले सांग, पेशंटशी खोटं बोलत नसतात."

मी ते कसं सांगावं या विचारात असताना त्यांनीच नर्सला इंग्रजीत विचारलं, "मी नर्स होते. मला काय होणार आहे ते नीट सांग. आधी काय, मग काय. दुखेल का. तू इथं असशील का."

नर्स क्षणभर गोंधळली. मग खुर्ची ओढून बसली आणि सांगू लागली: श्वास कसा होत जाईल, कुठलं औषध कधी देतील, झोप कशी वाढत जाईल. इंदूताई ऐकत होत्या. मध्येच थांबवून त्या एखादा प्रश्न विचारत, उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारत. सगळं झाल्यावर त्या उशीला टेकल्या.

"आता बरं वाटते," मला म्हणाल्या. "भेव लागतेच. पन कशाचं लागते ते मालूम झालं."

"काय म्हणाल्या त्या?" नर्सनं विचारलं.

मी सांगितलं. ती जायला उठली होती. पण गेली नाही; खुर्ची पलंगाजवळ आणखी सरकवून पुन्हा बसली.