फॉल-बिडिंग बंद आहे

घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये चार बायका जमल्या की अजूनही कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, ते तुमच्या बोर्डाचं सांगा ना!" मी काही किस्से जमवायला निघाले नव्हते हो. मला फक्त एक काम बंद करायचं होतं. पण काम सुरू करताना कुणी विचारत नाही, आणि बंद करायला गेलं की अख्खी बिल्डिंग आडवी येते!

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी घरी साड्यांना फॉल लावून द्यायचे, बिडिंग करून द्यायचे. खालची बाजू मशीनवर, वरची हाताने, अगदी बारीक टाक्यांत. ट्यूबलाइटखाली बसून बसून डोळ्यांची पार वाट लागली. डॉक्टर म्हणाले, "डावा डोळा गेल्यात जमा आहे. उजवा हवा असेल तर सुई खाली ठेवा."

मी घाबरले. रिक्षात रडले सुद्धा. पण जिना चढता चढता ठरवलं, बंद म्हणजे बंद.

*

आल्या आल्या दारावरचा 'फॉल-बिडिंग करून मिळेल' हा बोर्ड काढला आणि जिन्यात भिंतीला टेकवून ठेवला. भाजी घेऊन परत येते तो बोर्ड पुन्हा दारावर! शेजारच्या हंसाबेन हसत उभ्या.

"भाभी, तुमचा बोर्ड पडला होता ना, मी लावून दिला. खिळा पण नवीन मारला!"

इतक्या प्रेमाने मारलेला खिळा उपटायचा कसा? मग मी त्याच बोर्डावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बंद'.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरची शैला आली. तिने बोर्ड नीट वाचला, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आज बंद ना? चालेल गं, उद्या लाव!"

*

मग डोळ्यांची बातमी बिल्डिंगभर पसरली. तळमजल्याच्या परबमामी मालवणच्या. माणूस प्रेमळ. दुसऱ्याच दिवशी किलोभर गाजरं घेऊन हजर.

"अगो, डोळ्यांका गाजरां बरी असतत. रोज एक खा."

मला भरूनच आलं. म्हटलं, बघा, कुणाला तरी आपली काळजी आहे. तेवढ्यात त्यांच्या दुसऱ्या हातातली पिशवी दिसली.

"मामी, ह्यात काय?"

"ती साडी. घाय नाय हां. तुझे डोळे बरे झाले की लाव." दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "शुक्रवारी नेसाची आसा!"

गाजरांचा हलवा केला. वाटीभर हलवा आणि साडी, दोन्ही त्यांच्या घरी पोचवलं.

*

आमचे हे भांडुपला कंपनीत. युनियनच्या गेट मीटिंगमध्ये साहेबांना "नाही म्हणजे नाही" ऐकवणारा माणूस. पण दारात कुणी बाई साडी घेऊन आली की, "ठेवा, ठेवा, बघेल ती!"

एका रविवारी देवळातून परत आले तर खुर्चीत तीन पिशव्या.

"कुणी घेतल्या?"

"अगं, त्यांना वाईट वाटलं असतं ना."

"झकास! आता तुम्हीच लावा." सुईदोरा त्यांच्या हातात दिला आणि आत जाऊन आडवी झाले. वर्तमानपत्र वाचत पडले होते, उजव्या डोळ्याने. तेवढं तरी मला राखायचं होतं.

माणूस जिद्दीचा. साडी मांडीवर घेऊन लावायला बसला. मग हळूच हाक आली, "अगं, जरा ये ना... मला उठता येत नाहीये."

बघते तर साडी, फॉल आणि यांची लुंगी, तिन्ही एका शिलाईत पक्की! मी उसवायला हात लावला नाही. त्यांनीच उसवलं आणि तिन्ही पिशव्या स्वतः परत करून आले.

तेव्हापासून बेल वाजली की हे टॉवेल घेऊन थेट बाथरूममध्ये! एका दिवसात चार-चार आंघोळी व्हायच्या.

*

मी कुणाचीच साडी घेईना, तेव्हा बायकांनी बेल वाजवणं सोडलं. पिशवी दाराच्या कडीला अडकवायची आणि पळायचं! मी पण पक्की. जिची पिशवी तिच्या कडीला, जशी आली तशी परत. रोज सकाळी माझी जिन्यात फेरी सुरू झाली, दोन्ही हातांत पिशव्या.

एकदा वाटेत दूधवाला भेटला. माझ्याकडे बघून थांबला. म्हणाला, "क्या भाभी, आपने भी दूध की लाईन डाल दी क्या?"

*

आणि सावंतकाकू. तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. इतक्या वर्षांत माझ्या कामाला त्यांनी एकदाही बरं म्हटलं नव्हतं. "टाका दिसतो गं तुझा." "फॉल ओढला जातोय बघ." मी आपली उसवून परत लावायचे. फॉलची पट्टीसुद्धा माझ्याकडचीच लागायची, मॅचिंग शोधायचा त्यांना कंटाळा.

त्यांच्या भाचीचं मुलुंडला लग्न होतं. आदल्या दिवशी दुपारी माझ्या कडीला त्यांची पिशवी, आत नवीकोरी जांभळी कांजीवरम. मी तिची घडीसुद्धा मोडली नाही. संध्याकाळी पिशवी त्यांच्या कडीला अडकवून आले.

दुसऱ्या दिवशी हॉलवर पोचले तर काकू तीच साडी नेसून मिरवतायत! मला बघितलं मात्र, हात धरून ओढतच नेलं, सगळ्या नणंदा-जावांच्या मधोमध उभं केलं आणि निऱ्या पुढे करून म्हणाल्या,

"बघा गं, एक तरी टाका दिसतोय का? फॉल लावलाय हेसुद्धा कळत नाही! एवढ्या वर्षांत आज कुठे हिचा हात बसला!"

सगळ्या बायका वाकून वाकून बघायला लागल्या. एक म्हणाली, "खरंच की हो!" दुसरी म्हणाली, "माझ्या दोन साड्या आहेत, द्याल का लावून?"

मी म्हटलं, "पाठवा की! आता मी सगळ्यांना असाच लावून देणार आहे."