आईची मागची सीट

दसऱ्याची सकाळ, गाडीवरचा खर्च पंच्याऐंशी हजार, हजर तिघे: मी, धाकटा भाऊ सचिन आणि आई. आज बाल्कनीत मनीप्लँटचा वेल चढवलेली साडीगार्डची गंजकी जाळी पुसताना ती सकाळ पुन्हा समोर आली.

वडिलांची जुनी मोटरसायकल सचिनने चिखलीच्या गॅरेजमधून नव्या रूपात आणली होती. काळी टाकी, रुंद टायर, कानठळ्या बसवणारा सायलेन्सर. ताज्या रंगाच्या वासात झेंडूचा वास मिसळला होता. आईने हँडलला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि दरवर्षीसारखी देवळापर्यंतच्या फेरीसाठी पदर खोचून मागे आली. मागे सीटच नव्हती. साडीगार्डही काढून टाकलं होतं; ते मी नंतर गॅरेजमधून घरी आणलं.

"आई, डिझाइनच तसं आहे. ही गाडी एकट्याचीच असते," सचिन म्हणाला.

"मग पूजाही एकट्यानंच करायचीस," आई म्हणाली.

तेव्हा मी सायलेन्सरवरून भांडलो. आज वाटतं, सायलेन्सर बदलता आला असता. पण वडिलांच्या मागे, आम्हाला मांडीवर घेऊन आई ज्या सीटवर बसली, तीच भंगारात टाकणाऱ्याला डिझाइन कळतं, हे मला अजूनही मान्य नाही.

देवळात आई रिक्षाने गेली. साठ रुपये मी रिक्षावाल्याला दिले.